डावा खांदा, सप्रेसर आणि डोळ्यांत जाणारा गॅस

मी डावखुरी आहे. एआर-१५ पद्धतीच्या रायफलीत गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उजव्या अंगाच्या खिडकीतून बाहेर उडते. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचं डोकं दस्त्याच्या डावीकडे असतं, त्यामुळे ती खिडकी त्याच्यापासून पलीकडे राहते. माझा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला टेकतो आणि खिडकी नाकासमोर वीतभर अंतरावर येते. एरवी याचं काही वाटत नाही. पुंगळी तोंडावर येऊ नये म्हणून खिडकीमागे धातूचा उंचवटा दिलेला असतो, तो आपलं काम चोख करतो. पण नळीला सप्रेसर (गोळीचा आवाज दाबणारं नळकांडं) लावून लागोपाठ चार-पाच गोळ्या झाडल्या, की डोळ्यांतून पाणी येतं, घशात अमोनियासारखा उग्र वास बसतो आणि चष्म्याच्या काचेवर आतल्या बाजूने तेलकट काजळीचे ठिपके दिसू लागतात. उजव्या हाताच्या मित्रांना हे जाणवतं, पण ते सहन करून पुढे जातात. मला पुढची गोळी नेमकी मारणंच अशक्य व्हायचं.

हा त्रास आटोक्यात आणायला मला बरेच महिने लागले. त्यात काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि कशाचा किती उपयोग झाला, ते सविस्तर लिहिते आहे. टेक्सासात रेंजवर अधूनमधून मराठी माणसं भेटतात, त्यांतले कितीतरी जण हाच प्रश्न विचारतात.

आधी सप्रेसर कशासाठी, ते सांगते. आम्ही टेक्सासच्या हिल कंट्रीत राहतो. थोडी जमीन आहे, पेकनची झाडं आहेत आणि रानडुकरांचा उपद्रव आहे. कळप एका रात्रीत जमीन अशी उकरून ठेवतो की सकाळी तिथून चालताना पाय मुरगळावा. इथे रानडुक्कर हा बाहेरून आलेला प्राणी मानतात. २०१९पासून जमीनमालकाच्या परवानगीने त्याची शिकार करायला परवानासुद्धा लागत नाही. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीचा आवाज सप्रेसरशिवाय १६० डेसिबलच्या पुढे जातो. क्षणिक आवाजासाठी अमेरिकेतली कामाच्या जागेची मर्यादा १४० डेसिबल आहे. चांगला सप्रेसर हा आवाज त्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली आणतो. सिनेमात दाखवतात तशी ‘फुस्स’ होत नाही. गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि आवाजाचा वेग ३४३ मीटर, त्यामुळे हवेत फुटणारा कडाका तसाच राहतो. मी सप्रेसर असला तरी कानात बोळे घालतेच. पण रात्री, कुत्री जवळ असताना, शेजारची घरं झोपलेली असताना त्या पंचवीस-तीस डेसिबलचं मोल फार असतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ४२ राज्यांत सप्रेसर बाळगता येतो, पण १९३४च्या कायद्याखाली त्याची केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते: बोटांचे ठसे, फोटो, अर्ज आणि मंजुरी येईपर्यंत वाट पाहणं. मी माझा घेतला तेव्हा २०० डॉलर कर होता. १९३४मध्ये ठरलेला तो आकडा इतकी वर्षं बदललेला नव्हता. १ जानेवारी २०२६पासून सप्रेसरवरचा हा कर शून्य झाला आहे. अर्ज आणि नोंदणी मात्र कायम आहेत. भारतात आवाज दाबणारं साधन प्रतिबंधित सामग्रीत मोडतं, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे फक्त माहितीसाठी वाचावं.

माझं नेमबाजीचं शिक्षण कोल्हापुरात एनसीसीत झालं, ०.२२ बोअरच्या रायफलीवर. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे असे नेमबाज दिले, त्या हवेत आम्ही वाढलो. पण तिथल्या रायफलीत गॅसचा प्रश्नच येत नाही. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) हाताने मागे ओढायचा, पुंगळी काढायची, पुढची गोळी घालायची. नळीत किती दाब उरला आहे, तो कधी उतरतो, याचा विचार नेमबाजाला करावाच लागत नाही, कारण हात बोल्टपर्यंत पोचेस्तोवर तो उतरलेला असतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम गॅस करतो, आणि तो कोणाची वाट बघत नाही.

यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइटमध्ये जी रचना केली तीच आजही एआर-१५मध्ये आहे. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. गोळी ते छिद्र ओलांडून पुढे गेली, की तिच्यामागचा गॅस छिद्रातून वर येतो, गॅस ब्लॉकमधून वळतो आणि पातळ गॅस ट्यूबमधून मागे, बोल्टला पुढे-मागे नेणाऱ्या बोल्ट कॅरिअरमध्ये शिरतो. तिथे तो फुगतो, कॅरिअरला मागे ढकलतो, कॅरिअर बोल्टला फिरवून कुलूप उघडतो आणि बोल्ट पुंगळी ओढत मागे येतो. काम झालेला गॅस कॅरिअरच्या उजव्या अंगाला असलेल्या दोन छिद्रांतून बाहेर टाकला जातो. उजव्या अंगाला, म्हणजे माझ्या बाजूला.

गोळी पोर्ट ओलांडते त्या क्षणापासून नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत जो अगदी छोटा काळ जातो, तेवढ्यात कॅरिअरला गॅस मिळतो. गोळी बाहेर पडली की नळीतला दाब कोसळतो आणि पुरवठा थांबतो. सप्रेसर हा हिशेबच बदलून टाकतो. त्याच्या आतल्या पडद्यांमध्ये गॅस अडून राहतो, म्हणूनच तर आवाज कमी होतो. पण अडलेला गॅस फक्त पुढेच जातो असं नाही. नळीतला दाब हळूहळू उतरतो, तेवढा जास्त वेळ पोर्टमधून गॅस वर येत राहतो आणि कॅरिअरला गरजेपेक्षा कितीतरी जास्त धक्का बसतो.

त्यात माझ्या रायफलीची ठेवण या त्रासाला पोषक होती. पोर्ट चेंबरपासून (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेपासून) किती लांब आहे यावर बरंच अवलंबून असतं. कार्बाइन मापात ते साधारण ७ इंचांवर असतं, मधल्या मापात ९ आणि रायफल मापात १२. चेंबरच्या जितकं जवळ, तितका तिथला दाब जास्त. माझी नळी १६ इंचांची आणि गॅस कार्बाइन मापाचा, म्हणजे पोर्ट जास्त दाबाच्या जागी आणि त्यापुढे गोळीला कापायला ९ इंच नळी. शिवाय कारखानदार छिद्र थोडं मोठंच ठेवतात. गिऱ्हाईक स्वस्त, कमजोर गोळ्या वापरणार, रायफल साफ करणार नाही, कडाक्याच्या थंडीत बाहेर काढणार. तरी ती चालली पाहिजे, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पण सप्रेसरसाठी ती रायफल आधीच भरल्या पोटी असते.

कॅरिअरला धक्का जोराने बसला की बोल्टचं कुलूप लवकर उघडतं. चेंबरमध्ये अजून दाब असतो, पुंगळी फुगून भिंतींना चिकटलेली असते आणि बोल्ट तिला ओढू लागतो. प्रेशर कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडावं, तसं हे. त्या क्षणी नळीत आणि सप्रेसरमध्ये साठलेल्या गॅसला मागचं दार उघडं मिळतं. तो चेंबरमधून सरळ मागे येतो, खिडकीतून बाहेर पडतो, मॅगझिनच्या तोंडातून खाली जातो आणि चार्जिंग हँडलच्या (बोल्ट हाताने मागे ओढायच्या मुठीच्या) फटीतून डोळ्यांकडे येतो.

म्हणजे तोंडावर येणारा गॅस दोन वाटांनी येतो. एक वाट गॅस ट्यूबची आणि दुसरी थेट नळीची. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे डोक्यात पक्कं असेल, तर पुढच्या सगळ्या उपायांकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही हे कळतं. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ‘गॅस कमी करतो’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या वाटेचा, हे लिहिलेलं नसतं.

पैसे खर्च करण्याआधी मी रायफल काय सांगते ते वाचायचं ठरवलं. रेंजवर जुनी चादर अंथरली आणि पुंगळ्या कुठे पडतात ते पाहत गेले. नळीचं तोंड बाराच्या काट्यावर धरलं, तर सप्रेसरशिवाय पुंगळ्या साधारण तीनच्या दिशेला पडत होत्या. सप्रेसर लावल्यावर त्या एक-दीडच्या दिशेला, बऱ्याच लांब उडायला लागल्या. वेगाने मागे जाणारा बोल्ट पुंगळीला उंचवट्यावर जोरात आपटतो आणि ती पुढे फेकली जाते. हे घड्याळ अगदी अचूक मोजमाप नाही. इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग जुनी-नवी असेल तरी दिशा बदलते. पण त्याच रायफलीत, त्याच गोळ्यांनी, सप्रेसर लावून आणि काढून तुलना केली तर फरक खरा असतो.

पुंगळ्यांच्या बुडाकडे भिंगातून पाहिलं. काठ एका जागी ओढल्यासारखा वाकलेला होता: एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे बोल्टवरच्या आकडीने, चिकटलेली पुंगळी खेचल्याची खूण. बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा आणि तो ठसा फिरताना पडलेला ओरखडा होता. बोल्ट दाब असतानाच फिरला, याचा हा पुरावा. मधूनच रायफल अडकतही होती. मॅगझिनची स्प्रिंग पुढची गोळी वर आणेपर्यंत बोल्ट मागे जाऊन परतसुद्धा आलेला असे आणि गोळीच्या मध्यावर आपटून थांबे. बरेच लोक इथे मॅगझिनला दोष देतात आणि मॅगझिन बदलत बसतात. सप्रेसर काढल्यावर तेच मॅगझिन नीट चालतं का, हे आधी पाहावं. माझं चालत होतं.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गडहिंग्लजला असतात. रविवारी फोनवर बोलताना त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, तुझ्या रायफलीला गॅस रेग्युलेटर न्हाई व्हय?”

मी म्हटलं, “नाही मामा, या रायफलीला कारखान्यातून येतच नाही.”

“आमच्या एस.एल.आर.ला हुता की. आधी पार उघडायचा, सगळा गॅस बाहीर जाऊ द्यायचा. मग एकेक खूण बंद करत एकेक गोळी मारायची. पुंगळी नीट बाहीर पडाया लागली की तिथनं आणखी दोन खुणा बंद. झालं. धुळीत, थंडीत कुठंबी चालायची.”

एस.एल.आर. म्हणजे साठच्या दशकापासून ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची रायफल. बेल्जियमच्या एफ.ए.एल.ची ती भावंड. तिचा रेग्युलेटर जास्तीचा गॅस बाहेर हवेत सोडतो आणि पिस्टनला लागेल तेवढाच ठेवतो. सैनिकाला आपल्या रायफलीचा गॅस आपल्या हाताने लावायला शिकवलेलं असायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एआर-१५ हलकी आणि सुटसुटीत करताना तो ताबा वापरणाऱ्याच्या हातून गेला, आणि सप्रेसर सर्रास वापरात येईपर्यंत त्याची उणीव फारशी भासली नाही. मामांनी सांगितलेली रीत पुढे मी जशीच्या तशी वापरली.

पण आधी बफर. दस्त्याच्या नळीत कॅरिअरच्या मागे एक वजन आणि स्प्रिंग असते. साध्या कार्बाइन बफरचं वजन सुमारे ८५ ग्रॅम असतं. त्यातले पोलादी तुकडे काढून टंगस्टनचे घातले की वजन वाढतं. एच-२ नावाचा बफर १३० ग्रॅमच्या आसपास जातो. जड बफर हलायला जास्त जोर लागतो, म्हणून कुलूप किंचित उशिरा उघडतं आणि कॅरिअरचा वेग कमी होतो. हा बदल स्वस्त आहे, कुठलंही हत्यार लागत नाही आणि नको वाटला तर उलटा करता येतो, म्हणून सुरुवात इथून केली. सोबत थोडी ताठ स्प्रिंग घातली.

फरक लगेच कळला. खांद्यावरचा तो तुटक, ठोसा मारल्यासारखा धक्का जाऊन सलग ढकलल्यासारखा झाला. दुसरी गोळी लवकर लक्ष्यावर यायला लागली. पुंगळ्या दोनच्या पुढे सरकल्या आणि अडकणं जवळजवळ थांबलं. रायफलीच्या दृष्टीने हा उपाय चांगला होता. माझ्या डोळ्यांच्या दृष्टीने फारसा नाही. कारण उघड आहे: बफर गॅसला अडवत नाही. तेवढाच गॅस आत येतो, तो फक्त जास्त वजन ढकलतो आणि नंतर त्याच दोन छिद्रांतून बाहेर पडतो. बफर वाढवत वाढवत नेणारे लोक मी पाहिले आहेत. शेवटी अशी अवस्था येते की सप्रेसर काढल्यावर रायफल चालतच नाही आणि सप्रेसर असताना गॅस मात्र तेवढाच येतो. आजाराचं मूळ तसंच ठेवून सगळा भार खांद्याकडच्या टोकावर टाकण्यात मला अर्थ वाटत नाही.

मूळ म्हणजे पोर्टमधून येणारं गॅसचं प्रमाण. ते कमी करण्याचे काही मार्ग आहेत. बारीक तोंडाची गॅस ट्यूब मिळते. ती एकदा बसवली की विसरायची, पण नंतर बदल करता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे फिरवता येणारा गॅस ब्लॉक. त्यात पुन्हा दोन जाती. एका जातीत स्क्रू गॅसच्या वाटेत आडवा येतो आणि वाट अरुंद करतो. दुसऱ्या जातीत जास्तीचा गॅस पुढच्या तोंडाने हवेत सोडून देतात, अगदी मामांच्या रायफलीसारखा. अरुंद करणाऱ्या जातीत काजळी स्क्रूच्या टोकावर साचते आणि काही काळाने तो जागच्या जागी घट्ट बसतो. हवेत सोडणाऱ्या जातीत वाहत्या गॅसमुळे हे कमी होतं, पण हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाच्या) आत काजळी धरते आणि पुढचं टोक तापतं. मी दुसरी जात निवडली. एआर-१५ला एस.एल.आर.चं तत्त्व लावायचं, यात मनाचाही थोडा भाग होता.

ब्लॉक बदलणं हे काम सावकाश करण्याचं आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे करायची, मगच हँडगार्ड काढायचा. जुना ब्लॉक स्क्रूंनी बसवलेला होता, ते ताप देऊन सैल करावे लागले. नव्या ब्लॉकचं छिद्र नळीच्या पोर्टवर बरोबर यायला हवं. थोडं जरी सरकलं तर गॅस आपोआप कमी होतो आणि पुढची सगळी जुळणी खोट्या पायावर उभी राहते. आज ठीक वाटतं आणि उन्हाळा-हिवाळा बदलला की बिनसतं. म्हणून बसवल्यावर थोड्या गोळ्या झाडून ब्लॉक पुन्हा उतरवला आणि नळीवरची काजळीची कडी पाहिली. ती पोर्टच्या भोवती सारखी होती. मगच स्क्रू कायमचे आवळले, आणि तेही उष्णता सोसणाऱ्या द्रावणाने. स्क्रू पक्का धरणारा साधा थ्रेडलॉकर त्या तापाला टिकत नाही.

जुळणीचा दिवस मी मुद्दाम थंड सकाळचा निवडला आणि गोळ्या माझ्याकडच्या सगळ्यांत कमजोर घेतल्या, ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या साध्या ०.२२३च्या. कमजोर गोळीवर आणि थंडीत जी रायफल चालते ती जोरदार गोळीवर चालेलच. उलट दिशेने याची शाश्वती नसते. सप्रेसर लावला, ब्लॉक असा उघडला की जवळजवळ सगळा गॅस बाहेर जावा, आणि मॅगझिनमध्ये एकच गोळी भरली. चाप ओढला. बोल्ट अर्धवट मागे आला, पुंगळी जेमतेम बाहेर पडली आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद झाला. एक खूण फिरवली, पुन्हा एक गोळी. शेवटची गोळी झाडल्यावर बोल्ट मागेच अडकून राहिला पाहिजे, ही कसोटी. तो अडकला म्हणजे कॅरिअर पूर्ण मागे गेला. असा तो सलग अनेकदा, उभं राहून, बसून, रायफल सैल धरूनही अडकतो, याची खात्री करायची आणि मग वर दोन खुणांची शिल्लक ठेवायची. रायफल सैल धरून पाहणं महत्त्वाचं आहे. बाकावर घट्ट दाबलेली रायफल शेतात अंधारात तशी दाबली जात नाही.

डावखुऱ्यांसाठी इथे एक वेगळी गोष्ट आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. गॅस कमी करत गेलं की पुंगळ्या तीनकडून चार, साडेचारकडे सरकतात. उजव्या हाताच्या नेमबाजाला साडेचार म्हणजे उत्तम. माझं डोकं आणि उजवा दंड नेमका त्याच बाजूला असतो, आणि गरम पुंगळ्या बाहीवर येऊन आदळायला लागल्या. म्हणून मी तीनच्या जरा अलीकडे थांबले, म्हणजे पुस्तकी मापापेक्षा गॅस किंचित जास्त ठेवला आणि बफरही एच-२च ठेवला. बोल्ट शांत, पुंगळी अंगापासून दूर. दोन्ही बदल मिळून हे साधलं. एकट्या कशानेच साधलं नसतं.

आता कुलूप उशिरा उघडत होतं, पुंगळ्यांचे काठ सरळ येत होते, बुडावरचा ओरखडा गेला होता. गॅस निम्म्याहून कमी झाल्यासारखा वाटला. पण संपला नव्हता, आणि संपणारही नव्हता, कारण उरलेला गॅस दुसऱ्या वाटेचा होता. सप्रेसरमध्ये अडलेला गॅस नळीतून मागे येतो, त्याला गॅस ब्लॉक अडवू शकत नाही. फक्त कुलूप जितकं उशिरा उघडेल, तितका तो कमी राहतो.

या वाटेसाठी लोक चार्जिंग हँडल बदलतात. मागच्या फटीवर ओठासारखी कड असलेली हँडल मिळतात, ती गॅस बाजूला वळवतात. काही जण फटीवर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढतात, तेही चालतं. उजव्या हाताच्या माणसाला मी हा खर्च सगळ्यांत आधी करायला सांगेन, कारण त्याच्या तोंडावर येणारा बहुतेक गॅस त्या फटीतूनच येतो. मला फरक पडला, पण थोडा. माझ्याकडे येणारा मोठा भाग खिडकीतून येतो, आणि पुंगळी बाहेर पडायला ती उघडीच लागते.

मग एका रेंजमित्राने त्याचा फ्लो-थ्रू पद्धतीचा सप्रेसर माझ्या रायफलीवर लावून पाहू दिला, अर्थात तो स्वतः शेजारी उभा असताना. या प्रकारात पडद्यांनी गॅस अडवण्याऐवजी त्याला वळणावळणाच्या वाटांनी पुढे नेऊन बाहेर काढतात. मागचा दाब फारच कमी. बफर जुना असता तरी चाललं असतं, असं वाटण्याइतकी रायफल साध्या रायफलीसारखी वागत होती. डोळे कोरडे. मॅगझिन संपलं तरी काचेवर ठिपका नाही. पुढे जाणारा गॅस जास्त, त्यामुळे अंधारात तोंडाशी ज्वाळेची चमक जास्त दिसली आणि पुढून ऐकणाऱ्याला आवाज थोडा अधिक असावा. पण नेमबाजाच्या कानाशी जो आवाज पोचतो त्यात खिडकीतून फुटणाऱ्या आवाजाचाही वाटा असतो, आणि माझ्या बाबतीत तो वाटा मोठा आहे. मला तो सप्रेसर माझ्या जुन्यापेक्षा कानाला सौम्य वाटला.

अमेरिकी लष्कराने २०२२मध्ये निवडलेली नवी एम-७ (आधीचं नाव एक्सएम-७) रायफल सप्रेसरसकटच येते. प्रत्येक जवान दिवसभर सप्रेसर लावून झाडणार असेल, तर त्याच्या नाकातोंडात काय जातं हा प्रश्न गंभीर होतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, काडतुसाच्या कॅपमधलं शिसं असतं, गोळीच्या आवरणातलं तांबं असतं. हे मी दुरून सांगत नाही. रायफल खिडकीसमोर धरणारी बाई म्हणून सांगते. मी दरवर्षीच्या तपासणीत रक्तातलं शिसं पाहून घेते. रेंजवरून आल्यावर हात आणि चेहरा आधी थंड पाण्याने आणि साबणाने धुते, कपडे वेगळे टाकते, स्वयंपाकघरात त्यानंतरच जाते. चेहऱ्याला कडेने चिकटून बसणारा चष्मा वापरते. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी याबाबत कसलीही कसूर करू नये. शिसं मुलांना फार थोड्या प्रमाणातही बाधतं.

सध्या रायफल अशी आहे: हवेत गॅस सोडणारा ब्लॉक, एच-२ बफर, कड असलेलं चार्जिंग हँडल, जुनाच सप्रेसर. सप्रेसर काढायचा असेल तर ब्लॉक किती खुणा बंद करायचा, ते दस्त्याच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलं आहे. काजळी आधीपेक्षा कमी धरते, पण साध्या रायफलीपेक्षा जास्तच. म्हणून कॅरिअर भरपूर तेलात ठेवते. सप्रेसरच्या रायफलीला कोरडेपणा सोसत नाही. एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग मी मोडायची वाट न पाहता बदलते आणि प्रत्येक सफाईला बोल्टच्या दातांच्या मुळाशी तडा आहे का ते भिंगाने पाहते. ब्लॉकचा स्क्रू दर सफाईला दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पुन्हा खुणेवर आणते, म्हणजे तो जाम होत नाही.

कर शून्य झाल्यावर मी फ्लो-थ्रू सप्रेसरसाठी अर्ज केला आहे. मंजुरी यायची आहे. तो हातात आला की ही सगळी जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, कारण त्याचा मागचा दाब कमी आहे आणि आत्ताच्या खुणेवर बोल्ट बहुधा अर्धवटच मागे येईल. मामांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, “मग थंडीतच कर. आन् गोळ्या हलक्यातल्याच घे.”